नेमणूक की निवडणूक? भंडारा-गोंदियातल्या स्थानिक सत्तेचा आपला इतिहास



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. यंदा कोणता गट एससीसाठी सुटला, कोणता गण महिलेसाठी गेला, सरपंचपदाची सोडत काय निघाली. ही चर्चा व्हायलाच हवी. पण तिच्यात दोन प्रश्न नेहमी राहून जातात. त्या खुर्चीवर बसणारा माणूस कोण ठरवतो? आणि तो किती दिवस बसणार, हे कोण ठरवतो?

आमचे म्हणणे सरळ आहे. जागा आपली, पण माणूस दुसऱ्याने नेमलेला असेल, तर ते प्रतिनिधित्व नव्हे. जागा आपली, माणूसही आपला, पण त्याची मुदत सरकारच्या मर्जीवर असेल, तर तेही प्रतिनिधित्व नव्हे. जागा, निवड आणि मुदत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच सत्तेतला वाटा पक्का होतो. भंडारा-गोंदियाचा गेल्या १४० वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

मुकादमांचे बोर्ड

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा जिल्हा इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात होता. लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. शाळेच्या पुस्तकात तो आपण ‘स्थानिक स्वराज्याचा पाया’ म्हणून वाचतो. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा आला. तहसिलीला लोकल बोर्ड आणि त्यावर जिल्ह्याचे डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी ती रचना होती.

या बोर्डांवर कोण बसायचे? गावोगावच्या मुकादमांनी आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी, व्यापारी वर्गाचे प्रतिनिधी आणि सरकारने नेमलेले सदस्य. बस्स. आता गावचा मुकादम कोण होता? आपल्या भागात मालगुजारी होती. गावाची मालकी मालगुजाराकडे होती, आणि मुकादम म्हणजे बहुतेक वेळा मालगुजार स्वतः किंवा त्याचा माणूस. आपला माणूस त्या गावात कोतवाल होता. जन्म-मृत्यूची वर्दी देणारा, साहेब आला की धावणारा, रात्री गस्त घालणारा. गावाची बित्तंबातमी त्याला, पण गावाच्या कारभारात मत नाही. विणकर होता, मजूर होता, पण मतदार नव्हता.

म्हणजे ‘निवडणूक’ तेव्हाही होती. पण निवडणारे कोण, हे आधीच ठरलेले होते. निवडणूक हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नये, हा या इतिहासाचा पहिला धडा. मत कोणाला आहे हे आधी विचारावे.

नागपूर, १९२०: आमचा माणूस कोण ठरवणार?

दुसरा धडा नागपूरचा आहे. ३० मे ते १ जून १९२० या काळात नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी राजर्षी शाहू महाराज होते. बाबासाहेब तेव्हा २९ वर्षांचे होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांमध्ये नवी विधिमंडळे येणार होती आणि अस्पृश्यांना त्यात एखाद-दुसरी जागा मिळणार, हे स्पष्ट झाले होते. प्रश्न होता, त्या जागेवरचा माणूस कोण निवडणार?

विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची भूमिका अशी होती की अस्पृश्यांचा प्रतिनिधी विधिमंडळातल्या सदस्यांनी निवडावा. सरकारने नेमू नये आणि अस्पृश्यांच्या संस्थांनीही निवडू नये. वरवर पाहता हे नेमणुकीपेक्षा बरे वाटते. पण ते सदस्य कोण असणार होते? सवर्ण हिंदूंचे बहुमत. म्हणजे आपला प्रतिनिधी सवर्णांच्या पसंतीचा. बाबासाहेबांनी नागपूरच्या परिषदेत या भूमिकेवर कडाडून हल्ला चढवला आणि परिषदेने तिचा निषेध केला. शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी आयुष्य वेचले, हे आम्ही नाकारत नाही. पण आपल्यासाठी काम करणारा आणि आपल्या वतीने बोलणारा, हे दोन वेगळे आहेत. हा फरक नागपुरात ठामपणे मांडला गेला. मिशनशी जवळचा संबंध असलेले गणेश आकाजी गवई विदर्भातलेच होते, त्यामुळे हा वाद आपल्या घरातलाही होता.

याच काळात गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे आपल्या समाजाचे मोठे पुढारी होते. मध्य प्रांताच्या विधिमंडळात ते नियुक्त सदस्य म्हणून गेले. ज्या भागात आपल्या माणसाला बोर्डाच्या पायरीवर उभे करत नव्हते, तिथला एक माणूस विधिमंडळात बसला, ही गोष्ट लहान नाही. आज गोंदियातल्या किती तरुणांना हे नाव माहीत आहे? पण नंदागवळींचा मान राखूनही प्रश्न विचारावाच लागेल. त्या खुर्चीची दोरी कोणाच्या हातात होती? नेमणूक करणाऱ्या सरकारच्या.

नियुक्त सदस्याला काय करता येत नव्हते?

बाबासाहेब स्वतः नियुक्त सदस्य होते. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांची मुंबई विधिमंडळावर नेमणूक झाली. त्यांच्यासोबत डॉ. पुरुषोत्तम सोळंकी होते. म्हणजे नेमणुकीची मर्यादा त्यांनी आतून पाहिली होती. मिळालेल्या खुर्चीचा त्यांनी पुरेपूर वापर केला, आणि त्याच वेळी ती पद्धत बंद करा अशी मागणीही केली. काही लोक याला विसंगती म्हणतात. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. दार किलकिले असेल तर आत शिरायचे आणि आत जाऊन दार पूर्ण उघडायला लावायचे, ही ती पद्धत होती.

मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले गेले, त्यात मुंबई विधिमंडळाच्या १४० जागांपैकी २२ जागा अस्पृश्यांना मागितल्या होत्या. त्या नेमणुकीने नव्हे, प्रौढ मताधिकारावरच्या निवडणुकीने. नेमणुकीला विरोध का? एक कारण स्वाभिमानाचे आहे, ते सर्वांना कळते. दुसरे कारण कायद्याचे आहे. १९१९ च्या कायद्यानुसार, निवडून आलेला नसेल तर कोणालाही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ मंत्री राहता येत नव्हते. म्हणजे नियुक्त सदस्याने कितीही चांगले काम केले तरी मंत्रिपदाचा रस्ता त्याला बंद. त्याने बोलावे, अर्ज करावा, विनंती करावी. सत्ता दुसऱ्याने चालवावी.

नेमणूक म्हणजे बोलण्याची परवानगी, निवडणूक म्हणजे निर्णयाचा अधिकार. आजही हा फरक तसाच आहे.

पुणे कराराचे आठवे कलम

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराबद्दल आपल्या चळवळीत खूप बोलले जाते. १४८ जागा, त्यातल्या २० आपल्या मध्य प्रांताला, हे आकडे अनेकांना पाठ आहेत. पण कराराचे आठवे कलम फारसे कोणी वाचत नाही. ते स्थानिक संस्थांबद्दल आहे. अस्पृश्य असल्याच्या कारणावरून स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत किंवा सरकारी नोकरीत कोणालाही अपात्र ठरवले जाणार नाही, आणि योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी सर्व प्रयत्न केले जातील, असा त्याचा आशय आहे.

नीट पाहा. विधिमंडळासाठी आकडा मिळाला. गावासाठी, तालुक्यासाठी, जिल्ह्यासाठी मिळाला फक्त ‘प्रयत्न’. आणि जात कुठे जगते? मुंबईच्या किंवा नागपूरच्या सभागृहात नव्हे. ती गावच्या विहिरीवर, शाळेत, स्मशानात आणि गायरानात जगते. जिथे गरज सर्वात जास्त, तिथेच हमी सर्वात कमी.

बाबासाहेबांनी ही उणीव लगेच ओळखली होती. करारानंतर बाराव्या दिवशी, ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले. पंचायतीत अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर हे विधेयक मान्य नाही, ही त्यांची भूमिका होती. पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यालाही त्यांनी विरोध केला. गावात आपण थोडे, ते जास्त. नुसता सर्वांना मताधिकार दिला तर पंचायत बहुसंख्याकांची होईल आणि न्यायही त्यांचाच होईल.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्यांबद्दल ते इतके कडक का बोलले, याचे मूळ इथे आहे. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचे आजचे कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आले. ते बाबासाहेबांनी स्वीकारले, पण राज्याला बंधनकारक नसलेल्या भागात. लोकसभा आणि विधानसभेत आपल्याला संविधानाने राखीव जागा दिल्या. पंचायतीचा प्रश्न राज्यांवर राहिला.

जनपद सभा आणि १९५४ ची पोटनिवडणूक

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांतात १९४८ मध्ये जनपद योजना आली. द्वारकाप्रसाद मिश्र हे तिचे कर्ते. डिस्ट्रिक्ट कौन्सिल मोडीत निघाली आणि तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा उभ्या राहिल्या. सत्ता जिल्ह्यावरून तहसिलीवर, लोकांच्या जवळ आली, असा दावा होता. पण कारभाराची सूत्रे डेप्युटी कमिशनरकडेच होती. नावाला लोकसत्ता आणि किल्ली अधिकाऱ्याकडे, हा प्रकार नवा नाही.

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. आजचा गोंदिया त्याच मतदारसंघात होता. मतदारसंघ दोन सदस्यांचा, त्यातली एक जागा राखीव. त्या राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि संविधानाचे शिल्पकार पराभूत झाले. जागा आपली होती, निवडणूकही होती. पण संयुक्त मतदारसंघात आपला माणूस ठरवणारी मते आपली नव्हती. नागपूरच्या १९२० च्या परिषदेत जो धोका सांगितला होता, तो ३४ वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात बाबासाहेबांच्याच वाट्याला आला. पुढे १९८२ मध्ये, पुणे कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी, कांशीरामजींनी ‘चमचा युग’ प्रसिद्ध केले, ते याच दुखण्यावर.

तेरा वर्षे निवडणूकच नाही

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. महाराष्ट्राची पंचायत राज व्यवस्था देशात नावाजली गेली. तिच्यात राखीव जागाही होत्या. पण मुदतीचे काय?

जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ आणि १९७९ मध्ये झाल्या. त्यानंतर थेट १९९२ मध्ये! तेरा वर्षे. १९७९ मध्ये आठ वर्षांचे असलेले पोर १९९२ मध्ये २१ वर्षांचे झाले आणि मतदार म्हणून त्याच्यासाठी जिल्हा परिषदेची ती पहिलीच निवडणूक ठरली. या काळात कायदा होता, राखीव जागा होत्या, पुरोगामी महाराष्ट्राचे ढोल होते. फक्त निवडणूक नव्हती. कारण ती कधी घ्यायची हे सरकारच्या सोयीवर होते.

म्हणून २४ एप्रिल १९९३ ही तारीख आपल्या चळवळीने लक्षात ठेवायला हवी. त्या दिवशी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. कलम २४३-डी ने एससी-एसटींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि पदे, तसेच महिलांना किमान एक तृतीयांश वाटा दिला. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला. कलम २४३-ई ने मुदत ठरवली: पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुणे कराराच्या आठव्या कलमातल्या ‘प्रयत्नां’चा संविधानातला आकडा व्हायला ६० वर्षे लागली.

आपण २४३-डी साठी भांडतो. २४३-ई कडे दुर्लक्ष करतो. पण दुसरे कलम मोडले की पहिले आपोआप निकामी होते. निवडणूकच नसेल तर राखीव जागा कशावर?

गोंदियात काय झाले?

गोंदिया जिल्हा परिषदेची निवडणूक जून २०१५ मध्ये झाली. मुदत जुलै २०२० मध्ये संपली. कोरोनामुळे निवडणूक झाली नाही आणि प्रशासक आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात सांगितले की ओबीसी आरक्षणासाठी आयोग, आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या अटी पाळाव्याच लागतील. राज्य सरकारकडे आकडेवारी नव्हती. शेवटी २१ डिसेंबर २०२१ रोजी ५३ पैकी ४३ जागांवर मतदान झाले आणि ओबीसींच्या १० जागा खुल्या करून १८ जानेवारी २०२२ रोजी उरलेले. निकाल जानेवारीत लागला तरी अध्यक्षाची निवड व्हायला मे २०२२ उजाडला. जुलै २०२० ते मे २०२२, म्हणजे जवळपास २२ महिने जिल्ह्याचा कारभार निवडून न आलेल्या हातांमध्ये होता.

सरकारांनी वेळेवर आकडे गोळा केले नाहीत आणि भुर्दंड ओबीसी बांधवांनी भरला. ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांचा हक्क कोर्टात टिकत नाही. जातनिहाय जनगणनेची मागणी आपली का आहे, याचे उत्तर गोंदियाच्या या १० जागांमध्ये आहे.

ग्रामपंचायतींचे तर आणखी उघड झाले. २०२० मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या मुदती संपणार होत्या. तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने जूनमध्ये अध्यादेश काढला आणि जुलैमध्ये आदेश दिला की पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ची प्रशासक म्हणून नेमणूक करावी. योग्य व्यक्ती! योग्य कोणाच्या मते? सरपंचपदाला आरक्षण आहे, महिलांना निम्मा वाटा आहे. ‘योग्य व्यक्ती’ला कोणतेही आरक्षण नाही. १८८३ मध्ये मुकादम योग्य होता, २०२० मध्ये पालकमंत्र्याच्या पसंतीचा कार्यकर्ता. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करून सरकारी कर्मचारीच नेमा असे सांगितले, म्हणून बचावलो. हे सरकार स्वतःला शाहू-फुले-आंबेडकरांचे म्हणवत होते, हेही लक्षात ठेवू. पुढे सरकार बदलले. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच राहिले. निवडणुकांसाठी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी आदेश द्यावा लागला. गोंदिया नगर परिषदही २०२२ च्या सुरुवातीपासून २०२५ च्या अखेरपर्यंत प्रशासकाच्याच ताब्यात होती. पक्ष कोणताही असो, नेमणुकीचा मोह सर्वांना सारखाच.

‘निवडून आलेले तरी काय दिवे लावतात?’

हा प्रश्न आपलेच लोक विचारतात. सदस्य ठेकेदार झाले, महिला सरपंचाच्या खुर्चीवर नवरा बसतो, राखीव जागेवरचा माणूस पाटलाच्या वाड्यावर विचारून सही करतो. त्यापेक्षा शिकलेला अधिकारी बरा. हे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. त्यात तथ्य आहे.

पण प्रशासक आला म्हणजे काय होते ते पाहा. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा नाही, स्थायी समिती नाही, समाजकल्याण समिती नाही. सगळ्यांचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के सेस मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च व्हायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून चालते. कोणत्या वस्तीला रस्ता, कोणत्या वस्तीला समाजमंदिर, हे सभेत भांडून ठरते. सभाच नसेल तर भांडणार कुठे? वाईट सदस्याला पाच वर्षांनी घरी बसवता येते. प्रशासकाची बदली होते, हिशेब कोणी देत नाही. खराब प्रतिनिधीवरचा इलाज चांगला प्रतिनिधी हा आहे. प्रतिनिधीच नको, हा इलाज नव्हे.

आता काय करायचे?

गोंदिया जिल्हा परिषदेची सध्याची मुदत मे २०२७ मध्ये संपते. आजपासून तयारी केली नाही तर पुन्हा प्रशासक येईल आणि आपण पुन्हा निवेदन देत बसू. आमची सूचना अशी:

एक, मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून प्रत्येक तालुक्यातून राज्य निवडणूक आयोगाला लेखी विचारणा करा. गटरचना कधी, सोडत कधी, मतदान कधी. २४३-ई चा उल्लेख करूनच.

दोन, प्रशासकाच्या २२ महिन्यांमध्ये २० टक्के सेस आणि वस्ती विकासाचा निधी कुठे खर्च झाला, याची माहिती माहिती अधिकारात मागा. गावनिहाय मागा.

तीन, राखीव गट फिरता असतो. आज आपला गट राखीव, पुढच्या वेळी नसेल. म्हणून उमेदवार सोडत निघाल्यावर शोधू नका. पाच वर्षे काम करणारी माणसे, विशेषतः आपल्या बहिणी, प्रत्येक गटात तयार ठेवा. नाहीतर जागा आपली आणि माणूस वाड्यावरचा, हे १९५४ पुन्हा घडेल.

चार, देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या आदिवासी बांधवांना आणि ओबीसी बांधवांना सोबत घ्या. निवडणूक लांबली की पहिला वाटा त्यांचा आणि आपलाच जातो.

मालगुजारी गेली, मुकादम गेले, नियुक्त सदस्यही गेले. पण ‘योग्य व्यक्ती’ आम्ही ठरवू, ही वृत्ती गेलेली नाही. योग्य व्यक्ती कोण, हे आता आपले मत ठरवेल, आणि ते दर पाच वर्षांनी, ठरल्या वेळी ठरवेल.

जय भीम! जय संविधान!